कंट्रोलही तितकाच पिवळा

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी हेला पेशींमधील (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगपेशींमधील) ईआरके या प्रथिनाचे फॉस्फोरिलेशन, म्हणजे फॉस्फेट लागून त्याचे जागे होणे, मोजण्याचे काम माझ्याकडे आले. प्रतिपिंडांच्या मदतीने प्रथिन रंगावरून मोजणारे एलायझा किट हाताशी असल्यामुळे, प्रथिने जेलवर वेगळी करून ओळखण्याच्या वेस्टर्न ब्लॉटच्या दोन दिवसांच्या खटाटोपातून सुटले, असे मला वाटले. किटची रचना तशी साधी असते: प्लेटच्या तळाशी बसवलेले प्रतिपिंड पेशीद्रावणातील ईआरके पकडते, दुसरे प्रतिपिंड त्यांपैकी फक्त फॉस्फेट लागलेले रेणू ओळखते, आणि त्याच्यामार्फत जोडलेले एचआरपी हे विकर टीएमबी या रसायनाला निळे करते, आम्ल घातले की तो रंग पिवळा होतो आणि ४५० नॅनोमीटरला मोजता येतो.

पेशींच्या दोन डिश रात्रभर सीरम (रक्तातील द्रव भाग) नसलेल्या पोषक मीडियममध्ये ठेवल्या, एकीत ५ मिनिटे ईजीएफ हा वाढघटक दिला आणि दुसरी तुलनेसाठी, कंट्रोल म्हणून, तशीच राहू दिली. तरीही आम्ल घातल्यावर दोन्हींच्या वेल्स (प्लेटवरचे खळगे) सारख्याच पिवळ्या दिसल्या. आधी प्रतिपिंडावर, मग किटच्या मुदतीवर, मग स्वतःच्या प्लेट धुण्यावर संशय घेत मी हा प्रयोग तीनदा केला. वास्तविक नमुना न घातलेल्या वेल्स प्रत्येक वेळी स्वच्छ होत्या, म्हणजे रंग नमुन्यांमुळेच येत होता. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

शेवटी प्रयोगशाळेतल्या एका सीनियर ताईने विचारले, "अगं, पेशी सोडवल्यास कशाने?"

"ट्रिप्सिनने." पेशी डिशपासून सुट्या करणारे हे विकर.

"आणि ट्रिप्सिन थांबवलंस कशाने?"

"सीरमवाल्या मीडियमने," असे म्हणतानाच माझी चूक माझ्या लक्षात आली. सीरममध्ये वाढघटक असतात, आणि ईआरके जागे व्हायला काही मिनिटे पुरतात. म्हणजे रात्रभर उपाशी ठेवलेल्या पेशींना ऐन मोजणीच्या तोंडावर मीच जेवू घातले होते.

त्यानंतर ट्रिप्सिन बंद केले. वेळ भरताच डिश थेट बर्फावर ठेवायची, मीडियम शोषून घ्यायचे, थंडगार बफरने एकदा धुवायचे आणि पेशी फोडणारे लायसिस बफर घालून पेशी स्क्रेपरने खरवडायच्या. पेशी फुटल्या तरी फॉस्फेट काढून टाकणारी विकरे चालूच राहतात, म्हणून बफरमध्ये सोडियम फ्लोराइड आणि सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट लागते. व्हॅनाडेट नुसते विरघळवून भागत नाही: पीएच १० ला आणले की द्रावण पिवळे दिसते, उकळले की रंग जातो, गार करून पीएच पुन्हा जुळवला की पिवळेपणा परत डोकावतो, आणि द्रावण रंगहीन राहून पीएच स्थिर होईपर्यंत हेच चालू ठेवावे लागते. माझी एक दुपार त्यातच गेली.

चौथ्या प्लेटवर ईजीएफच्या वेल्स गडद आणि कंट्रोलच्या फिकट आल्या. एकूण ईआरकेची वेगळी प्लेट लावून दोन्हींचे गुणोत्तर काढले, तेव्हा हा फरक पेशींच्या कमीजास्त संख्येमुळे नाही याची खात्री पटली. कंट्रोलमधला उरलेला फिकट रंग मात्र मला खटकत होता. नुसते मीडियम बदलले, डिश हलवली, तरीही ईआरके थोडे चाळवू शकते. म्हणून आता ईजीएफ ज्या कोमट, सीरमविरहित मीडियममधून देते, तेच मीडियम तेवढ्याच प्रमाणात कंट्रोललाही घालते आणि दोन्ही डिश एकाच वेळी बर्फावर ठेवते.