छावणी ते घाटी, व्हाया जालना

आमच्या परभणीकडचा माणूस संभाजीनगरला दोनच कामांसाठी जातो : खंडपीठात तारीख असली तर, नाहीतर कुणाला घाटीत, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, ॲडमिट केलं असलं तर. वेरूळ-अजिंठा पाहुण्यांसाठी. माझं यावेळी दोन्हीपैकी काहीच नव्हतं. या भागात दवाखाने आले कसे, आधी कुणासाठी आले आणि आपल्यापर्यंत पोचायला एवढा वेळ का लागला, हे एकदा पायी फिरून बघायचं होतं. बायको म्हणाली, "लोक सुट्टी काढून महाबळेश्वरला जातात, तुम्ही दवाखाने बघा."

वाटेत जालन्याला उतरलो. हा रेल्वेमार्ग 1900 सालचा, मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी करत हैदराबादकडे जाणारा. 'जालना, सोने का पालना' म्हणतात ते इथल्या बाजारपेठेमुळे, पण एकोणिसाव्या शतकात इथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणीही होती. कंटिन्जंट म्हणजे पैसा निजामाचा, अधिकारी इंग्रज. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, सगळीकडे हीच तऱ्हा. राज्य इंग्रजांचं नव्हतं, पण त्यांचा डॉक्टर मात्र पलटणीबरोबर आलेला होता.

पलटणीबाहेरच्या माणसाला पाश्चात्त्य औषध मिळायचं ते बरेचदा मिशनऱ्यांकडे. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल नावाची वसाहत उभी केली. शेषाद्री जन्माने ब्राह्मण, वसाहतीतली बरीच माणसं मांग समाजातली. पुढे स्कॉटिश मिशनने शहरात दवाखाना चालवला, तो अजून 'मिशन हॉस्पिटल' म्हणूनच ओळखला जातो. धर्मांतराबद्दल ज्याला जे म्हणायचं ते म्हणावं. ज्या माणसाची नाडी धरायला वैद्य धजत नव्हता, त्याची नाडी तिथे धरली गेली, हे त्या माणसाला जास्त महत्त्वाचं असणार.

जालन्याहून दुपारच्या गाडीने संभाजीनगर. स्टेशनवरून रिक्षा केली. "छावणी में किधर?" रिक्षावाले चाचा. म्हटलं, कुठेही सोडा, चालायचंय. त्यांनी मागे वळून एकदा नीट बघून घेतलं.

गुरुवार होता, म्हणजे छावणीचा बाजार. म्हशी, बैल, दोऱ्या, घुंगरं, भज्यांची कढई आणि त्या सगळ्याला भेदणारा ट्रकचा हॉर्न. बाजार ओलांडून आत शिरलं की चित्र पालटतं. रस्ते सरळ, झाडं जुनी, बंगल्यांमध्ये मोकळी जागा. ही मोकळी जागा हौसेपोटी सोडलेली नाही. 1857 च्या आधी हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांमध्ये दरवर्षी हजारी 69 मरत होते, आणि लढाईपेक्षा हगवण, पटकी म्हणजे कॉलरा आणि तापाने जास्त. त्याची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचा अहवाल 1863 ला आला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने त्याचे आकडे अक्षरशः उभे-आडवे सोलले. बराकीत दाटी नको, पिण्याचं पाणी गटारापासून लांब, मैला वस्तीबाहेर, अशा गोष्टींना त्यानंतर जोर आला. दुसऱ्याच वर्षी, 1864 ला, छावण्यांचा कायदा आला. त्यात स्वच्छतेबरोबर 'लॉक हॉस्पिटल'चीही सोय होती : शिपायांना गुप्तरोग होऊ नये म्हणून बाजारातल्या बायकांची तपासणी. शिपायाला कुणी तपासायला जात नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

याच छावणीत 1857 च्या जूनमध्ये घोडदळ उठलं होतं. क्रांती चौकाचं नाव त्यावरून. म्हणजे शिपायाची काळजी घेण्यामागे नुसता पटकीचा धाक नव्हता.

छावणीतून बारापुल्ला दरवाजाने शहराकडे आलो. मध्ये खाम नदी. नदी म्हणायचं म्हणून. नाकाला रुमाल लावून पूल ओलांडला. नदीच्या अलीकडे नियम, आखलेले रस्ते, वेगळा दवाखाना. पलीकडे तटबंदीतलं शहर, आपल्या नशिबावर.

अगदी नशिबावर म्हणणं मात्र मलिक अंबरवर, अहमदनगरच्या निजामशाहीच्या वजीरावर, अन्याय होईल. पाणचक्कीत गेलो तेव्हा शाळेची सहल आलेली होती. वरून पाणी पडतं त्या भिंतीखाली पोरं ओली होत होती आणि बाई शिट्टी फुंकून दमल्या होत्या. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अंबरने डोंगरातून या शहराला नहर आणली. बंदिस्त चर, भाजक्या मातीचे नळ, दाब सांभाळायला मध्ये मध्ये उभे खांब; पंप नाही, वीज नाही. पाणचक्कीची नहर नंतरची, पण युक्ती तीच. पाणी भिंतीत चढतं, वरून पडतं आणि खालचं जातं फिरतं. इंग्रजांच्या मुंबईला विहारचं पाणी मिळालं 1860 ला. आज या शहराच्या कित्येक भागांत नळ आठवड्यातून एकदा येतो, तेव्हा अंबरचं नाव निघतंच.

निजामाच्या राजधानीत गोष्टी झाल्या. हैदराबादला 1846 ला वैद्यकीय शाळा निघाली, शिक्षण उर्दूतून, बाहेर पडायचा तो हकीम म्हणून. 1888 आणि 1889 ला तर भूल देण्याचं क्लोरोफॉर्म सुरक्षित आहे का हे तपासायला निजामाच्या खर्चाने दोन कमिशनं बसली. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत चर्चा! इकडे मराठवाड्याच्या खेड्यात सुईण, भगत आणि मरीआई. पटकीची साथ आली की गाडा शिवेबाहेर काढायचा, प्लेग आला की गाव सोडून शेतात झोपड्या टाकायच्या. हा दुसरा उपाय, खरं सांगायचं तर, बराच शहाणपणाचा होता. उंदीर गावातच राहायचे.

पाणचक्कीपासून घाटी चालत पाच-दहा मिनिटांवर. मराठवाड्यातलं पहिलं मेडिकल कॉलेज, 1956 चं. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. म्हणजे छावणीतल्या शिपायाच्या तब्येतीवर कायदा झाला, त्यानंतर तब्बल ब्याण्णव वर्षांनी.

संध्याकाळची वेळ. झाडाखाली चटया, स्टीलचे डबे, कुणी बाटलीत पाणी भरून घेतंय, कुणी फोनवर पैशाचं बोलतंय. केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलेल्या एका मावशींशेजारी बसलो. भोकरदनकडच्या. सून वर ॲडमिट.

"तिकडं दवाखाना नाही का मावशी?"

"हाय की. दवाखाना हाय, डॉक्टर बी हाय. गुतागुतीचं हाय म्हनले, घाटीला न्या." भाकरीचा तुकडा माझ्यापुढे करत म्हणाल्या, "तुमचं पेशंट कितव्या वार्डात हाय?"

पेशंट कुणी नाही, नुसतं बघायला आलोय म्हटलं. त्यांना ते काही पटलं नाही. दुसरा तुकडा पुढे करत म्हणाल्या, "व्हईल बरं. काळजी करू नका."