काटा, ऊन आणि गळती: पीसीपी रायफलची उन्हाळी नोंद

होळी झाली, जालन्यात दुपारचा पारा चढू लागला, की पीसीपी रायफल, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर छर्रा मारणारी एअर रायफल, बाळगणाऱ्या मित्रांचे फोन सुरू होतात. "सकाळी उन्हात दोनशे बार भरलं होतं, रात्री कूलरच्या खोलीत बघतो तर एकशे नव्वद. ओ-रिंग गेली वाटतं." ओ-रिंग म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, आणि बार हे दाबाचं माप. मी एवढंच विचारतो, दोन्ही वेळेला तापमान किती होतं? ते कुणीच लिहून ठेवलेलं नसतं. आणि तोवर निम्म्या लोकांनी रायफल खोललेली असते.

यंदा तीच झडती घरच्या रायफलीची घेतली. रायफल जुनी, १० मीटरची मॅच रायफल, अ‍ॅल्युमिनियमचं सुटं सिलिंडर, आत जागा साधारण पाव लिटर, भरायचा कमाल दाब २०० बार. पुतण्या तिच्यावर जिल्हा स्पर्धेची तयारी करतो. रेंज म्हणजे आमचं बियाण्यांचं जुनं गोदाम. लांबीला पुरून उरतं, पण वर पत्रा. तक्रारी तीन होत्या. रात्रीतून हवा उतरते. पंपाचं मीटर एक सांगतं, सिलिंडरचं दुसरंच. आणि रायफल थोडा वेळ ठेवून पुन्हा उचलली की पहिला छर्रा वर बसतो. पुतण्याच्या मते तिन्हीचं कारण एकच, 'लीक'. मला तसं वाटत नव्हतं.

आधी सिलिंडर काढून वेगळं ठेवलं. सुट्या सिलिंडरचा हा मोठा फायदा: आट्यातून फिरवून काढलं की त्याचा पिन व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो आणि गळती सिलिंडरची की रायफलीची, हा वाद तिथंच मिटतो. शेजारी साधा थर्मामीटर लटकवला. सकाळी २७ अंशांना काटा १८५ वर होता. दुपारी तीनला गोदामात ४१ अंश, काटा १९४. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा २७ अंश आणि काटा १८५ च्या किंचित खाली, काट्याच्या जाडीएवढा फरक. म्हणजे जे नऊ बार 'वाढले' आणि 'गेले' ते सगळे उन्हाचे.

हिशेब शाळेतलाच आहे. बंद भांड्यातल्या हवेचा दाब केल्व्हिनमधल्या तापमानाच्या प्रमाणात बदलतो. २७ अंश म्हणजे ३००, ४१ म्हणजे ३१४. लक्षात ठेवायला सोपं माप हवं असेल तर दोनशे बारच्या आसपास दर १० अंशांमागे सात बार धरा. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे १० अंश आणि मे महिन्यात दुपारी ४२, म्हणजे नुसत्या हवामानाने वीस-बावीस बार इकडचे तिकडे होतात. म्हणून सकाळच्या गारव्यात काठोकाठ २०० भरून रायफल दुपारी उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. गाडीत ६० अंश झाले तर २५ अंशांना भरलेले २०० बार सव्वादोनशेच्या घरात जातात. या तपासण्या संपल्यापासून मी उन्हाळ्यात १८० च्या पुढे भरतच नाही.

त्यात भरताना होणारी गरमी वेगळी. छोट्या बारा व्होल्टच्या कॉम्प्रेसरने घाईत भरलं की सिलिंडर हाताला कोमट लागतं आणि निवल्यावर काटा दहा-एक बार खाली येतो. ती गळती नव्हे. सावकाश भरा, अर्धा तास ठेवा, मग काय ते नोंदवा.

सिलिंडर संशयातून सुटलं. आता त्याच तापमानाला, तेच सिलिंडर रायफलीला जोडून रात्रभर ठेवलं. संध्याकाळी १९०, सकाळी १६५. ही मात्र खरी गळती. आता थोडं गणित, कारण त्यावरून शोधायचं कसं ते ठरतं. २५ बार गुणिले पाव लिटर म्हणजे सव्वासहा लिटर हवा. दहा तासांत एवढी गेली तर मिनिटाला साधारण १० मिलिलिटर. एवढी हवा साबणाच्या फेसात लपत नाही, फुगा धरतेच. उलट आठवड्याला तीन बार उतरत असतील तर मिनिटाला मिलिलिटरचा दहावा हिस्साही भरत नाही. तिथं साबण लावून बसण्यात अर्थ नाही, फेस आधी वाळतो. मोठ्या गळतीला साबण, बारीक गळतीला पाण्याची बादली आणि चिकाटी.

पहिला संशय एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर (ट्रिगर दाबल्यावर छर्ऱ्यामागे हवा सोडणारी झडप), कारण त्याची सीट, म्हणजे झडप टेकून बंद होते ती बैठक, खराब झाली की हवा गुपचूप बॅरलमधून निघून जाते. त्यासाठीची युक्ती सोपी आहे. रायफल कॉक केलेली नाही आणि चेंबरमध्ये छर्रा नाही याची खात्री करून, बॅरलमधून साफसफाईची काडी आरपार घालून काढली. रायफल स्टँडवर, तोंड छर्रे अडवणाऱ्या ट्रॅपकडे. मग भाजीवाल्याच्या पातळ पिशवीतली हवा पूर्ण काढून ती बॅरलच्या तोंडाला चिकटपट्टीने घट्ट लावली. फुगा लावू नका. फुग्याचं रबर ताणायला दाब लागतो, तेवढ्यात हवा ब्रीचकडून, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाकडून, वाट काढते. पातळ पिशवीला काहीच जोर लागत नाही. मिनिटाला १० मिलिलिटर म्हणजे अर्ध्या तासात दीड-दोन कप चहाएवढी हवा, पिशवी उठून बसायला हवी. ती तशीच चपटी लोंबत राहिली. व्हॉल्व्ह निर्दोष.

राहिला रेग्युलेटर, सिलिंडरचा जास्त दाब उतरवून प्रत्येक शॉटला एकसारखा देणारा भाग. त्याच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढं एक भोक असतं, व्हेंट होल. रेग्युलेटरच्या पिस्टनमागची, डिस्क स्प्रिंगांची जागा वातावरणाशी जोडलेली राहावी म्हणून ते असतं. तिथून हवा येता कामा नये. आली तर पिस्टनच्या दोन ओ-रिंगपैकी एक तरी गेलेली. भोकावर साबणाचा थेंब ठेवला. पडदा थरथरला, फुगा हळूहळू वाटाण्याएवढा झाला, फुटला, लगेच दुसरा. सापडला चोर. (हे भोक गळतंय म्हणून एम-सीलने बुजवणारे महाभाग मी पाहिलेत. बुजवलं की आत दाब साठतो आणि रेग्युलेटरचं गणित पार बिघडतं. कृपा करून तसं करू नका.)

रायफल पूर्ण रिकामी करून, सिलिंडर काढून, रिकामे ट्रिगर मारून उरलीसुरली हवाही घालवल्यावरच रेग्युलेटर खोलला. पिस्टनच्या बारीक टोकाची ओ-रिंग भिंगाखाली धरली: बाहेरची कड गोल राहिली नव्हती, चौकोनी चपटी झाली होती आणि एका जागी नखाने कुरतडल्यासारखा खाच. दाबाखाली रबर फटीत घुसतं आणि प्रत्येक शॉटला थोडं थोडं चावलं जातं, त्याची ही खूण.

जालन्यात ओ-रिंग मिळणं अवघड नाही. स्टीलच्या रोलिंग मिल आहेत, त्यामुळे हायड्रॉलिक सीलची दुकानंही आहेत. अडचण मापाची. व्हर्नियरने मोजली तर जुन्या रिंगेची जाडी १.७८ मिमी, म्हणजे इंच मालिकेतली. दुकानदार काकांनी बोटावर फिरवून बघितली आणि म्हणाले, "भाऊ, दोन एमएमची घ्या, बसती बराबर."

"काका, दोनची नको. पिस्टन जाम होईल."

"जॅकला तर तीच देतो मी."

"जॅकला बसत असंल, पण याचा पिस्टन बोटभर पण नाही."

काकांनी डबा उपसून १.७८ ची काढून दिली, नाइट्राइल रबराची, ९० शोअर, म्हणजे कडकपणाचं माप ९०. जास्त दाबाच्या बाजूला ९० च हवी, ७० ची मऊ रिंग फटीत घुसते. पिस्टनच्या दुसऱ्या, रुंद टोकाला दाब कमी असतो, तिथं मी ७० ची टाकतो, घर्षण कमी राहतं. व्हायटन या दुसऱ्या रबराचा मोह होतो कारण उष्णता सोसतं, पण रायफलीत तेवढी उष्णता नसतेच आणि थंडीत ते कडक पडतं. नाइट्राइल पुरे.

ग्रीस फक्त सिलिकॉनचं आणि तेही बोटावर चमक येईल इतपत. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, बाइकचं ऑइल, काहीही नको. दोनशे बारची हवा अचानक दाबली गेली की तापते, आणि त्यात खनिज तेलाची वाफ असली तर ती पेटते. डिझेल इंजिन त्याच तत्त्वावर चालतं. घरात तेलाचा डबा हाताशी असतो म्हणून हे परत परत सांगावं लागतं.

रिंग बदलल्यावर रात्रभराची गळती थांबली. सकाळचा काटा संध्याकाळच्याच जागी.

आता मीटरांचं भांडण. सिलिंडरवरचं मीटर १९० दाखवत असताना पंपाचं २१० दाखवायचं. दोघांनाही खोटं म्हणायची घाई नको. मीटरच्या तबकडीवर बारीक अक्षरात क्लास लिहिलेला असतो. २.५ क्लास म्हणजे पूर्ण स्केलच्या अडीच टक्के चूक चालते. वाचलेल्या आकड्याच्या नव्हे, पूर्ण स्केलच्या. ३०० बारच्या मीटरला साडेसात बार, ४०० च्या मीटरला १० बार, वर किंवा खाली. म्हणजे एक साडेसात खाली आणि दुसरं १० वर असलं तरी दोन्ही कागदोपत्री पास. आतमध्ये काय असतं? १८४९ मध्ये युजीन बूर्दोंने पेटंट घेतलेली तीच चपटी वाकडी नळी. दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि दातेरी चाकातून काटा फिरवते. रुपयाएवढ्या तबकडीत ती किती अचूक असणार?

म्हणून एक संदर्भाचं मीटर घेतलं: १०० मिमी तबकडी, ० ते २५० बार, क्लास १, म्हणजे चूक अडीच बारच्या आत. वाळूज एमआयडीसीतल्या कारखान्यांमुळे छत्रपती संभाजीनगरला कॅलिब्रेशन करून मिळतं. फक्त मीटर पिशवीत घालून न्या. भरलेलं सिलिंडर घेऊन एसटीत किंवा रेल्वेत चढायचा विचारही करू नका. आणि तिथं आवर्जून सांगा की तेलावर तपासू नका. नेहमीच्या डेड वेट टेस्टरमध्ये (वजनं ठेवून मीटर तपासायचं यंत्र) तेल असतं, ते बूर्दों नळीत शिरून बसतं आणि पुढे आपल्या हवेच्या लाइनीत येतं. पाण्यावर किंवा गॅसवर तपासून, वाळवून मागा. तिथल्या माणसाने आधी भुवया उंचावल्या, पण कारण सांगितल्यावर लगेच पाण्याचा कंपॅरेटर, म्हणजे अचूक मीटरशी ताडून बघायचं यंत्र, काढला. दोनशेला २०१. कामाचं झालं.

टी-जोडणीवर तिन्ही मीटर एकत्र लावली. खरे २०० बार असताना पंपाचं २११ दाखवतं, सिलिंडरचं १९१. यातलं कोणतं धोक्याचं? जास्त दाखवणारं मीटर फार तर आपल्याला कमी भरायला लावतं. कमी दाखवणारं मीटर फसवतं: त्यावर २०० दिसेपर्यंत भरलं की आत २०९ असतात, आणि वरून मे महिना. सिलिंडरच्या मीटरवर आता पांढऱ्या रंगाने १७० पाशी खूण केली आहे, तिथंच थांबायचं, म्हणजे आत खरे १८० च्या पुढे जात नाहीत. रिकाम्या मीटरचा काटा शून्याच्या खिळ्याला टेकलेला असला म्हणून शून्य बरोबर आहे असंही समजू नका. तो खिळाच काट्याला खाली जाऊ देत नाही, त्यामुळे चूक झाकली जाते.

याच वेळी सिलिंडर बादलीत बुडवून पाहिलं. मीटरच्या आट्यापाशी ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा, अर्ध्या मिनिटाला एखादा. आठवड्याला तीन बारांचा हिशेब बरोबर जुळतो. याला मी हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. सिलिंडरच्या अंगाचे आटे घरी पाना लावून फिरवायची गोष्ट नाही. शिवाय अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरला उत्पादक १० वर्षांची मुदत देतात, तारीख अंगावर कोरलेली असते, आणि याची मुदत पुढच्या वर्षी संपते. तोवर आठवड्याला तीन बार गेले तर गेले.

तिसरी तक्रार, पहिला छर्रा वर. क्रोनोग्राफ, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र, लावला. ०.५३ ग्रॅमचे छर्रे, सलग मारले तर १७२, १७३, १७३, १७२ मीटर प्रतिसेकंद. दहा मिनिटं ठेवून मारला तर पहिला १८१, मग परत १७३. याला रेग्युलेटर क्रीप म्हणतात: सीट पूर्ण बंद होत नाही, जास्त दाबाची हवा झिरपत राहते आणि ठरलेला दाब हळूहळू वर सरकतो. हवा बाहेर कुठंच जात नाही, म्हणून बाहेरून कितीही साबण लावा, सापडणार नाही. १० मीटरवर या आठ मीटरच्या फरकाने छर्रा साधारण दीड मिलिमीटर वर बसतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण या टार्गेटवर दोन वर्तुळांत अडीच मिलिमीटरचं अंतर असतं, म्हणजे दशांश गुणांकनात एका छर्ऱ्यामागे ०.६ गेले. साठ छर्ऱ्यांच्या स्पर्धेत पोरगं दर थोड्या वेळाने रायफल खाली ठेवून दम घेतं, त्या प्रत्येक वेळी हा भुर्दंड.

सीटवर भिंगातून एक बारीक रेघ दिसते, बहुधा पंपातून आलेल्या कचऱ्याची. पावसाळ्यात हँड पंपाने भरलं की ओलावाही जातो, म्हणून पंपाच्या तोंडाशी फिल्टर आणि सिलिका जेल बसवून घेतलंय. १५०० च्या पॉलिश पेपरवर, काचेवर ठेवून सीट आठच्या आकड्यात घासली. रेघ पुसट झाली, क्रीप १८१ वरून १७६ वर आला. पूर्ण गेला नाही. नवीन सीट मागवली आहे.

दाब वाढवून वेग वाढवा असं सुचवणारे भेटतातच. १७३ ला हा छर्रा आठ ज्यूलच्या आत आहे, १० मीटरला तेवढंच लागतं. आपल्याकडे २० ज्यूलच्या पुढे परवान्याचा प्रश्न येतो तो वेगळाच, पण कागदाला भोक पाडायला जास्त जोर कशाला? रेग्युलेटरचा स्क्रू मी हलवलेला नाही. सीट आली की आधी क्रीपची तपासणी, दहा मिनिटं, अर्धा तास आणि रात्रभर ठेवून, शेजारी तापमान लिहून. ते आकडे पुढच्या नोंदीत टाकतो.