डाव्या टाकीचं शेपूट

कमरेच्या मणक्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली आणि पाठीवर टाकी घेऊन बोटीची शिडी चढणं मला जमेनासं झालं. तारकर्लीला लागलेला डायव्हिंगचा नाद मात्र सोडायचा नव्हता. म्हणून साइडमाउंट ही डायव्हिंगची पद्धत शिकायचं ठरवलं. तिच्यात हवेच्या दोन्ही टाक्या बगलेखाली, अंगालगत अडकवतात, आणि त्यासुद्धा पाण्यात उतरल्यावर, एकेक करून. ही पद्धत मुळात गुहांमध्ये रुजली. १९६० च्या दशकात इंग्लंडमधले गुहा धुंडाळणारे लोक पाण्याने भरलेल्या अरुंद फटींतून सरपटत जायचे, तेव्हा त्यांनी टाकी पाठीवरून काढून कमरेला बांधली. आज ती शिकायला बरेच जण मेक्सिकोत तुलुमला जातात, तिथल्या चुनखडीतल्या पाणगुहांसाठी, म्हणजे सेनोतेंसाठी. मीही तिथेच गेले.

हार्नेस (टाक्या अडकवायचे अंगावरचे पट्टे) मापाला बसवणं, रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं साधन, प्रत्येक टाकीला वेगळं) बदलायचा सराव, हवा संपल्याची कवायत हे सगळं एका दिवसात उरकलं. घोडं अडलं ते डाव्या टाकीपाशी.

सराव कासा सेनोतेत होता. कडेने खारफुटी, वर गोडं पाणी, खाली खारं. दोन्ही पाणी मिळतात तिथे नजर धूसर होते आणि शरीर एकदम हलकं होतं, म्हणून ट्रिम, म्हणजे पाण्यात शरीर आडवं आणि तोललेलं ठेवणं, जुळवायची तर त्या थराच्या वरच राहा. मला हे उशिरा कळलं. पहिल्या डाइव्हला सुरुवातीची वीस मिनिटं बरी गेली. मग डाव्या टाकीचा बूड हळूहळू वर यायला लागला. मी उजवीकडे कलायची, हाताने टाकी खाली दाबायची, आणि त्या धडपडीत गुडघे खाली जाऊन तळाचा गाळ उठायचा. गुहेत असा गाळ उठला तर बाहेरची वाट दिसत नाही, त्यामुळे मला खरोखर धास्ती वाटत होती.

सामान भाड्याचं होतं. ते देणाऱ्याने ऐकून घेतलं आणि सांगितलं, ‘दोन किलो वजन वाढवा.’ वाढवलं. पाय आणखी खाली गेले. दुसऱ्या दिवशी तक्रार केली तर म्हणाला, सवयीने जमेल. दोन दिवस मी स्वतःलाच दोष देत होते, याचा मला अजून राग येतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रशिक्षकाने आदल्या दिवशी काढलेला व्हिडिओ दाखवला. टाकीच्या तोंडावरचा व्हॉल्व्ह बगलेत असायला हवा, तो माझ्या छातीच्या पुढे लोंबत होता आणि त्याला धरणारी बंजी, म्हणजे ताणणारी रबरी दोरी, सैल पडली होती. टाकी तराजूसारखी झाली होती. पितळी व्हॉल्व्हची जड बाजू खाली, बूड वर. आम्ही दोन्ही टाक्या गाडीमागे सपाट जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या. टाकी हार्नेसला अडकवणाऱ्या खालच्या हुकाची, म्हणजे बोल्ट स्नॅपची, दोरी ज्या स्टीलच्या जुबिली क्लिपने (स्क्रूने आवळायच्या पट्टीने) टाकीला आवळलेली असते, ती क्लिप उजव्या टाकीवर होती त्यापेक्षा डावीवर चांगली चार बोटं बुडाकडे होती! माझी उंची पाच फूट एक इंच. माझ्याआधी कुणा उंच माणसाने ती टाकी वापरली असणार. क्लिप बुडाकडे सरकली की टाकी पुढे जाते, व्हॉल्व्हकडे सरकली की मागे येते. एवढीच गोष्ट, आणि तिच्यापायी माझे दोन दिवस वाया गेले.

हार्नेस घालून उभं राहायचं, दुसऱ्याला टाकी बगलेशी धरायला सांगायची आणि हार्नेसची मागची डी-रिंग (स्नॅप अडकवायची कडी) जिथे येते तिथे क्लिप आवळायची. माझं माप व्हॉल्व्हपासून ४० सेंटिमीटर निघालं. ते मी फोनमध्ये लिहून ठेवलंय. पेचकस स्वतःचा न्या, दुकानात मागून मिळेलच असं नाही. स्नॅपची दोरीही लांब होती, ती कापून दोन बोटांवर आणली.

तरीही टाकीतला हवेचा दाब १०० बारच्या खाली गेला की बूड थोडा वर यायचाच. तो दोष जुळणीचा नाही, ॲल्युमिनियमचा आहे. ११ लिटरच्या भरलेल्या टाकीत अडीच किलोंहून जास्त हवा असते. ती संपत गेली की टाकी तरंगायला बघते. तेव्हा स्नॅप मागच्या डी-रिंगमधून काढून पोटाजवळच्या पुढच्या रिंगमध्ये लावायचा, बूड पुन्हा अंगाला लागतो. हे हातमोजे घालून, न बघता जमेपर्यंत करा. दोन्ही टाक्यांमधला फरक ३० बारच्या आत राहील अशा बेताने रेग्युलेटर बदलत राहा, नाहीतर एकच बाजू हलकी होते. पोलादी टाकी रिकामी झाली तरी जडच राहते, तिला ही सरकवासरकवी लागत नाही.

वाढवलेले दोन किलो काढून टाकले. उरलेली शिसं कमरेवरून काढून पाठीच्या मणक्यालगतच्या खिशांत, वरच्या बाजूला ठेवली, आणि पाय आपोआप उचलले गेले.

चौथ्या दिवशी दोस ओखोस या सेनोतेत उतरलो. डावीकडे १८० बारपासून ७० पर्यंत आले. मध्ये एकदा स्नॅप पुढे घेतला. परत येताना मागे वळून पाहिलं, तर आम्ही आलो त्या वाटेवरचं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं आणि तळाचा गाळ जिथल्या तिथे होता.