आमची वाटचाल: फॅन चालतोय की ओ!

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं दुकान. उन्हाळा लागला की टॉवेल कारखान्यांतून जळालेल्या मोटरी रांगेनं यायच्या आणि आम्हाला त्याचा आनंदच व्हायचा, खोटं कशाला बोला! पण एकच मोटर वर्षात तिसऱ्यांदा आली, तेव्हा मी थेट कारखान्यात गेलो. मोटरच्या मागच्या पंख्याची जाळी कापसाच्या तंतूंनी पार बुजलेली. वाइंडिंगचं, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्याचं तापमान 10 अंशांनी वाढलं की तारेवरच्या इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि इथं तर मे महिन्यात शेडचीच भट्टी. दर सोमवारी ब्रश मारा, एवढंच सांगितलं. ती मोटर परत आली नाही. "एक गिऱ्हाईक घालवलंस," अण्णा म्हणाले.

मग पेनाएवढा व्हायब्रेशन मीटर घेतला, साखर कारखान्यांत जाऊ लागलो आणि पहिल्याच हंगामात तोंडघशी पडलो. बॉयलरचा धूर ओढून बाहेर टाकणाऱ्या पंख्याचं, म्हणजे आयडी फॅनचं कंपन सेकंदाला 4 मिलिमीटरवरून 9 वर गेलेलं. बेअरिंग गेलंय, मी छातीठोक सांगितलं. चीफ इंजिनिअर म्हणाले, "फॅन चालतोय की ओ, कशाला थांबवायचा?" बरोबरच होतं त्यांचं. आयडी फॅन बंद म्हणजे बॉयलर बंद, बॉयलर बंद म्हणजे गाळप बंद. गेटबाहेर ट्रॉल्या थांबतात, तोडलेला ऊस वाळतो, उतारा घटतो. तरी माझ्या शब्दावर त्यांनी थांबवला. बेअरिंग उघडलं तर रोलर आरशासारखे! नवं घातलं, आकडा तोच. शेवटी त्यांच्याच फिटरनं झाकण काढून पात्यांवर टॉर्च मारली. बगॅसच्या, म्हणजे जाळलेल्या उसाच्या चोथ्याच्या राखेचे थर, एका बाजूला जास्त. खरवडल्यावर आकडा 3 वर आला.

त्या मीटरला ताप कळतो, आजार कळत नाही. म्हणून कर्ज काढून स्पेक्ट्रम दाखवणारं यंत्र घेतलं; कुठल्या वारंवारतेला किती कंपन आहे ते त्यात रेघांनी दिसतं. फॅनच्या फेऱ्यांइतक्याच वारंवारतेला उंच रेघ दिसली की आधी बॅलन्सिंग बघायचं, म्हणजे वजन एका बाजूला जास्त आहे का ते; दुपटीला दिसली की अलाइनमेंट, म्हणजे मोटर आणि फॅनचे शाफ्ट एका रेषेत आहेत का ते. बेअरिंगची खूण वेगळीच असते. 1440 फेऱ्यांच्या मोटरीत, म्हणजे सेकंदाला 24, आठ बॉलचं बेअरिंग असेल आणि बाहेरच्या कड्याला चरा पडला असेल, तर रेघ 77 हर्ट्झच्या आसपास उठते. हे शिकायला मला दोन हंगाम लागले.

बिल काढणं अजून अवघड जातं. अकाउंटवाले विचारतात, मशिन तर चालूच होतं, मग पैसे कशाचे? त्यामुळे आम्ही बदलायला लावलेलं प्रत्येक बेअरिंग ग्राइंडरनं कापून, चरा दाखवून, चिठ्ठी बांधून रॅकवर ठेवतो.

पहिल्या फळीवर मात्र न कापलेलं एक बेअरिंग आहे. "ठेवा तुमच्याकडंच," म्हणून चीफ इंजिनिअरनीच ते मला दिलं होतं. दोन हातांनी उचलावं लागतं. नवीन पोरगा कामाला लागला की त्याला ते फिरवून बघायला सांगतो. अजून गुळगुळीत फिरतं.