कॅलिफोर्नियात गाडीचा विमा काढताना 'कमीत कमी' वर थांबू नका

माझा भाचा नोकरी बदलून ऑस्टिनहून फ्रीमाँटला आला, तो गाडी चालवतच. टेक्सासची नंबरप्लेट, टेक्सासचा विमा. कॅलिफोर्नियात राहायला आल्यावर वीस दिवसांत इथल्या डीएमव्हीकडे (म्हणजे आपल्या आरटीओसारखं राज्याचं वाहन खातं) गाडीची नोंदणी करावी लागते आणि विमाही इथल्या नियमात बसणारा लागतो. "मावशी, कायद्याला लागतो तेवढाच काढतो. थर्ड पार्टी असला की झालं ना?" हेच इथे नव्याने आलेली बरीच मराठी मुलं विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपली समजूत भारतातल्या विम्यावरून झालेली असते. तिथे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि अपघातात दुसरा माणूस जखमी झाला किंवा दगावला तर विमा कंपनीच्या देण्याला वरची मर्यादा नाही. न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई कंपनी भरते. मर्यादा असते ती मालमत्तेच्या नुकसानीला. त्यामुळे थर्ड पार्टी आहे म्हणजे आपण निर्धास्त, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

कॅलिफोर्नियात तसं नाही. इथे कायद्याने लागणारा किमान विमा 30/60/15 असा सांगतात: एका जखमी माणसामागे 30 हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींना मिळून 60 हजार, आणि दुसऱ्याच्या गाडीचं किंवा मालमत्तेचं नुकसान 15 हजारांपर्यंत. हेही 1 जानेवारी 2025 पासून. त्याआधी आकडे होते 15/30/5, आणि ते ठरले होते 1967 साली! म्हणजे अगदी 2024 संपेपर्यंत दुसऱ्याच्या गाडीसाठी पाच हजार डॉलर पुरेसे आहेत, असं कायदा मानत होता. यापुढची वाढ 2035 मध्ये आहे.

मोडलेलं हाड, शस्त्रक्रिया, चार दिवस हॉस्पिटल, एवढ्यात 30 हजार कधी संपतात कळत नाही. वरची रक्कम मग तुमच्याकडून मागितली जाते. कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला तर बचतीतून, पगारातूनही वसुली होऊ शकते. नोंदणी झाली, स्टिकर लागला, पोलिसाला फोनवर विम्याचं कार्ड दाखवता आलं. पण म्हणून तुम्ही सुरक्षित झालात असं नाही.

याहून जास्त काळजी मला एका वेगळ्याच कागदाची वाटते. पॉलिसी घेताना सह्यांच्या गठ्ठ्यात एक पान असतं, 'अनइन्शुअर्ड मोटरिस्ट' कव्हर नको असल्याचं. समोरच्याकडे विमाच नसेल तर आपल्या गाडीतल्या जखमींचा खर्च हे कव्हर देतं. मर्यादा वाढवून घेतली तर समोरच्याचा विमा आपल्यापेक्षा तोकडा असला तरी उपयोगी पडतं. कंपनीने ते देऊ करायचंच, असा कायदा आहे. तुम्ही लेखी नाही म्हटलं तरच ते वगळता येतं. हप्ता कमी दिसतो म्हणून लोक सही करून टाकतात.

आता आपल्या घरांचा विचार करा. उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात. त्यांचा प्रवासी आरोग्य विमा बेताचा, आणि ते मागच्या सीटवर. विमा नसलेल्या कुणी धडक दिली तर सत्तरीतल्या बाबांच्या उपचारांचे पैसे कुठून येणार? म्हणून मी कळकळीने सांगते, त्या पानावर सही करू नका. आधीच केली असेल तर एजंटला फोन करून कव्हर पुन्हा घाला, पॉलिसी संपायची वाट बघू नका.

भाच्याने शेवटी 100/300/100 घेतला आणि अनइन्शुअर्ड मोटरिस्टही 100/300 चाच. गाडीवर कर्ज असल्यामुळे कोलिजन (धडकेत आपल्या गाडीचं झालेलं नुकसान) आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी, आग असं धडकेखेरीजचं नुकसान) बँकेने घ्यायलाच लावलं होतं. ती मागणी राज्याची नाही, कर्ज देणाऱ्याची. आणि त्या दोन्हींतून स्वतःच्या गाडीची भरपाई मिळते, माणसांची नाही. 'फुल कव्हरेज आहे' म्हणणाऱ्यांनी हे नीट बघावं.

विमा अजिबात नसेल तर काय, हेही विचारतात. 1996 मध्ये इथल्या मतदारांनी प्रपोझिशन 213 हा कायद्याचा प्रस्ताव थेट मतदानाने मंजूर केला. त्यामुळे विमा नसलेल्या चालकाला, चूक समोरच्याची असली तरी, वेदना आणि मनस्तापाची भरपाई मागता येत नाही. उपचाराचा खर्च, बुडालेला पगार एवढंच.

आणि भारतात लांब सुट्टीला जाणाऱ्यांनो, विमा परस्पर बंद करू नका. कंपनी ते डीएमव्हीला कळवते आणि नोंदणी निलंबित होते. मग गाडी सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभी करायलाही परवानगी नसते. आधी डीएमव्हीकडे गाडी वापरात नसल्याचं प्रतिज्ञापत्र भरा, गाडी स्वतःच्या गॅरेजमध्ये ठेवा, आणि मगच विमा थांबवा. परत आल्यावर आधी विमा सुरू करायचा, किल्ली नंतर फिरवायची.