अंत्यविधीच्या सामानाचं दुकान आणि करंट अकाउंट : माझा अनुभव

आमचं सोलापुरात अंत्यविधीच्या सामानाचं दुकान आहे. आजोबा जुन्या गिरणीत होते, साठच्या दशकात गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी बांबू, सुतळी, मडकी ठेवून हे सुरू केलं, मग अण्णांनी चालवलं, आता मी. गिऱ्हाईक मराठी, तेलुगू, कन्नड काहीही बोलत येतं, लिंगायतांत बसवून नेतात म्हणून त्यांची बांधणी वेगळी, हे सगळं अण्णांना तोंडपाठ. रात्री दोनला शटर वाजलं तरी उठायचं, या धंद्यात कुणाला 'उद्या या' म्हणता येत नाही.

अण्णा गेले आणि खात्याचा घोळ सुरू झाला. दुकान त्यांच्या एकट्याच्या नावावर, मालक गेला की ते करंट अकाउंट मुलाच्या नावावर होत नाही, नवीनच काढायचं. जुन्यातले पैसे नॉमिनी म्हणून आईला विनात्रास मिळाले (तुमच्या खात्याला नॉमिनी आहे का ते आधी बघा). पण काउंटरवरचा क्यूआर बंद. हल्ली मयताच्या घरचेसुद्धा फोनवरूनच पैसे देतात, अशा वेळी मी कुणाला एटीएम शोधायला पाठवू?

शॉप ॲक्टचं सोपं, दहापेक्षा कमी कामगार असले की 2017 च्या कायद्यानं नुसती ऑनलाइन सूचना द्यायची, पावती निघते. ती घेऊन बँकेत गेलो, कुठल्या ते लिहीत नाही. तिथल्या साहेबांनी पावती वाचली आणि कागद टेबलाच्या कडेला सरकवला, खरंच सांगतो. मग प्रश्न. हा धंदा आहे का समाजसेवा? ट्रस्ट आहे का? कॉम्प्युटरमध्ये असली कॅटेगरीच येत नाही म्हणे, किराणा टाकू का? म्हटलं, टाका, आणि चौकशीला कोण आलं तर मी काय तांदूळ दाखवू? मग जीएसटी नंबर आणा. अहो, अंत्यसंस्काराची सेवा जीएसटीच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे, तिला जीएसटी लागतच नाही, आणि सामानाची वर्षाची विक्री 40 लाखांच्या आत, म्हणजे नोंदणीची सक्ती नाही, नंबर येणार कुठून? 'तसं लेखी आणा.' कुणाकडनं, ते सांगेनात. 'उद्या या.' उद्या गेलं की साहेब मीटिंगला. मग विक्रीची बिलं मागितली! तिरडीचं बिल कोण मागतंय हो आमच्याकडं? बांबूवाल्याची, कापडवाल्याची खरेदीची बिलं दिली तर ती चालेनात. अण्णा येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, 21 दिवसांत मृत्यूची नोंद करा म्हणजे लेट फी नाही, डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घेतल्याशिवाय हलू नका. अख्ख्या गावाचे कागद ज्यानं मार्गी लावले त्याच्याच दुकानाला हे प्रूफ मागत होते, माझं डोकं फिरायचं बाकी होतं.

सुटलं ते सीएकडं काम करणाऱ्या एका मित्रामुळं. तो म्हणाला, थांब की बे, भांडू नको, रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमात एकट्या मालकाच्या दुकानाला धंद्याचे दोन पुरावे लागतात, शॉप ॲक्ट झाला एक, दुसरा उद्यम काढ, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी. आधार आणि पॅनवर निघतं, सरकारी साइटवर फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. त्यात धंद्याचा एनआयसी कोड निवडावा लागतो आणि तिथं 96030 म्हणजे चक्क अंत्यसंस्कार आणि त्यासंबंधीची कामं! केंद्र सरकारच्या यादीत आमचा धंदा आहे, फक्त साहेबांच्या कॉम्प्युटरात नव्हता. प्रिंटवर कोडला पिवळा मार्कर मारून टेबलावर ठेवलं. बराच वेळ बघितलं, काही बोलले नाहीत, फॉर्म पुढं केला. त्या दिवशी मी गल्लीतल्या सगळ्यांना चहा पाजला.

हां, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती जास्तच काढून ठेवा, जिथं जाल तिथं एक ठेवून घेतात. आणि कुठलाही कागद दिला की पोच मागा, मी हे फार उशिरा सुरू केलं, पण पोच मागितल्यावर मीटिंगा कमी झाल्या. क्यूआरचा अर्ज आमच्याकडं वेगळा भरून घेतला, खातं उघडतानाच तोही देऊन टाका, नाहीतर परत त्याच टेबलापुढं उभं राहावं लागतंय.