दोन दिवस, पाच लढाया

शनिवार-रविवार मित्रासोबत वॉरहॅमर 40,000 च्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या छोट्या मूर्तींच्या सैन्यांनी टेबलावर खेळायच्या युद्धखेळाच्या, स्पर्धेत गेलो होतो. शनिवारी तीन डाव, रविवारी दोन. प्रत्येकाकडे 2000 गुणांचं सैन्य, 60 बाय 44 इंचांचं टेबल आणि डावाला साधारण तीन तास. पाय अजून ठणकताहेत, दोन्ही दिवस उभंच राहावं लागतं ना!

चौथा डाव डोळ्यांसमोरून जात नाहीये. शेवटची फेरी होती. मधला मोक्याचा तळ घ्यायचा तर माझ्या तुकडीला नऊ इंचांची चाल करायला हवी होती, म्हणजे दोन फाशांवर नऊ किंवा जास्त. 36 पैकी 10 शक्यता. समोरचा खेळाडू स्वतःच टेप धरून वाकला, नीट मोजलं आणि म्हणाला, "टाक बिनधास्त." सहा आणि तीन! माझ्याआधी तोच ओरडला. तो डाव हरला, तरी नंतर माझ्या सरदाराची मूर्ती उचलून तिचा झगा बराच वेळ न्याहाळत होता. त्या झग्याच्या घड्या रंगवण्यात मी तीन रात्री घालवल्या होत्या, त्यामुळे फार बरं वाटलं.

मित्राने पाचपैकी दोनच डाव जिंकले. पण जिंकणाऱ्यांची गाठ जिंकणाऱ्यांशी आणि हरणाऱ्यांची हरणाऱ्यांशी घालतात, त्यामुळे त्याचे शेवटचे डाव अगदी तोडीस तोड झाले. परतताना मांडीवर सैन्याची पेटी घेऊन तो पुढच्या स्पर्धेत कोणतं सैन्य उतरवायचं त्याची यादी लिहीत होता.